वर्ड फॅमिली की सिनोनिम्स, इंग्लिश शब्दसाठ्यासाठी आधी काय धरायचं?

स्पर्धा परीक्षेवाले असोत नाहीतर ऑफिसात इंग्लिश मेल लिहावे लागतात म्हणून शब्द वाढवणारे असोत, शेवटी दोनच रस्ते समोर येतात, एकतर वर्ड फॅमिली म्हणजे एका मुळापासून निघालेले शब्द एकत्र शिकायचे नाहीतर सिनोनिम्सच्या म्हणजे समानार्थी शब्दांच्या याद्या करायच्या. मी मराठी मीडियमचा, नोकरी फोर्टला, अभ्यास बहुतेक लोकलमध्ये, आणि दोन्ही पद्धती मनापासून करून बघितल्यात म्हणून लिहितोय.

आधी सिनोनिम्सची बाजू, कारण ती कमजोर अजिबात नाही. शाळेपासून 'समानार्थी शब्द लिहा' करत आल्यामुळे हात बसलेला असतो, बँकेच्या आणि स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या (एसएससी) पेपरात सिनोनिम-अँटोनिम थेट विचारतात, परदेशी शिकायला जाणारे देतात त्या आयईएल्टीएस या इंग्लिश परीक्षेच्या रीडिंगमध्ये उताऱ्यात एक शब्द असतो आणि प्रश्नात त्याच अर्थाचा दुसरा. शिवाय यादी दादरच्या गर्दीत उभ्या उभ्याही वाचून होते.

माझं घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. 'आस्क' घ्या. यादीत त्याच्यापुढे रिक्वेस्ट, डिमांड, इन्क्वायर, क्वेश्चन, इंटरॉगेट सगळे एका रांगेत आणि समोर मराठीत फक्त 'विचारणे, मागणे'. आता क्लायंटकडून कागदपत्रं हवीत, तर 'वुई रिक्वेस्ट' लिहिलं की विनंती होते आणि 'वुई डिमांड' लिहिलं की दरडावणी, पण हा फरक यादीत कुठेच नसतो. आणि फरक उगाच आलेला नाही, आस्क हा जुना इंग्लिश शब्द, 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंचमधून शब्दांचा लोंढा आला त्यातला क्वेश्चन, आणि इंटरॉगेट थेट लॅटिनच्या वळणाचा, म्हणून घरात आस्क चालतं आणि पोलीस इंटरॉगेट करतात. आपल्याकडे पाणी, जल, नीर, उदक सगळं एकच असलं तरी नळाला पाणीच येतं आणि पूजेला उदक लागतं, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही कारण भाषा आपली आहे. इंग्लिशमध्ये ते आतून कळत नाही, मग यादीतल्या प्रत्येक शब्दासाठी पुन्हा डिक्शनरी उघडा, वाक्यं बघा, कुठे शोभतो ते ठरवा, म्हणजे यादी करून वाचलेला वेळ तिथेच गेला. त्यात एका अर्थाचे पाच शब्द एका दिवशी पाठ केले की माझ्या डोक्यात तरी ते एकमेकांत मिसळायचे. रोजे यांचा थिसॉरस, म्हणजे समानार्थी शब्दांचा इंग्लिश कोश, 1852 साली निघाला तोच मुळात लेखनाला मदत म्हणून, म्हणजे ज्यांना शब्द माहिती आहेत पण ऐनवेळी आठवत नाहीत त्यांच्यासाठी. शिकणाऱ्याची गरज वेगळी आहे असं मला वाटतं.

वर्ड फॅमिलीत हा त्रास जवळपास नाही कारण प्रत्येक शब्दाचं काम वेगळं असतं. शाळेतलं 'डिक्टेशन' सगळ्यांना आठवतं, त्यातलं 'डिक्ट' म्हणजे बोलणं, सांगणं. मग प्रेडिक्ट म्हणजे आधी सांगणं, कॉन्ट्राडिक्ट म्हणजे विरुद्ध बोलणं, व्हर्डिक्ट म्हणजे खरं काय ते सांगणं, म्हणून कोर्टाचा निकाल. आणि 'अनप्रेडिक्टेबल' पहिल्यांदा दिसला तरी तुकडे पाडून अर्थ लागतो, हा आत्मविश्वास यादीने मला कधी दिला नाही. डिसाइड, डिसिजन, डिसायसिव्ह, डिसायसिव्हली अशी जोडी एकदा बसली की एरर स्पॉटिंगचे, म्हणजे वाक्यातली चूक शोधायचे, बरेच प्रश्न कानालाच खटकायला लागतात. पुढे शिकायला जाणाऱ्यांसाठी तर अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली केलेली अ‍ॅकॅडेमिक वर्ड लिस्ट आहे, त्यात 570 वर्ड फॅमिलीच आहेत.

अर्थात इथेही खड्डे आहेत. पेडेस्ट्रियनमधला 'पेड' लॅटिन पाय आणि पीडिअॅट्रिशियनमधला ग्रीक मूल, दोघांचं काही नातं नाही. इकॉनॉमिक आणि इकॉनॉमिकल एका घरातले असून अर्थ वेगळे. उच्चारातला जोरही सरकतो, फोटोग्राफमध्ये 'फो'वर, फोटोग्राफीत 'टॉ'वर, फोटोग्राफिकमध्ये 'ग्रॅ'वर, तेव्हा ऐकल्याशिवाय पाठ करू नका. आणि गेट, पुट, टेक असल्या रोजच्या शब्दांना ही पद्धत फारशी उपयोगी नाही, ते वाक्यातूनच शिकावे लागतात.

परीक्षा महिन्यावर आली असेल तर बाकी सगळं सोडून मागच्या पेपरांतले सिनोनिम्सच करा, तिथे मी वाद घालणार नाही. पण हातात सहा महिने असतील तर फॅमिलीपासून सुरुवात करावी असं माझं मत, आणि सिनोनिम नंतर एकेक करून, तोही वाक्यासकट, वहीत त्या फॅमिलीच्याच पानाच्या मार्जिनमध्ये लिहायचा. सुरुवातीला डिक्ट, पोर्ट (वाहून नेणं), स्पेक्ट (बघणं) ही तीन मुळं घ्या, कारण इम्पोर्ट, ट्रान्सपोर्ट, इन्स्पेक्टर हे शब्द आपल्या बोलण्यात आधीच आहेत आणि एका पानावर एकच मूळ ठेवा.