कोहाआधीची जमीन: नाशिकच्या एका वाचनालयात डेबियन १२

पंचवटीतील आमच्या छोट्या वाचनालयात जून २०२४ मध्ये आम्ही कोहा ही ग्रंथालय-प्रणाली बसवली आणि तिच्या खालचा सर्व्हर म्हणून डेबियन १२ ही लिनक्स आवृत्ती निवडली. त्यानंतर दोन पावसाळे उलटले, वीज असंख्य वेळा गेली आणि आली, आणि तरीही सकाळी साडेसातला वाचनालय उघडल्यावर पुस्तकांची सूची पडद्यावर दिसली नाही असे अपवादानेच घडले. कोहाविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचे आहे ते कोहा बसवण्याआधी जी जमीन नांगरावी लागते तिच्याविषयी, कारण माझ्या अनुभवात बहुतेक बिघाडांचे मूळ प्रणालीत नसून तिच्याआधी घाईने उरकलेल्या तयारीत असते.

ही काळजी मला आधीच्या एका नुकसानीने शिकवली. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही पुस्तकांची यादी भाड्याच्या एका होस्टिंग सेवेवर चढवली होती. तिथला डेटाबेस लॅटिन-१ या वर्णसंचावर (अक्षरे साठवण्याच्या सांकेतिक तक्त्यावर) चालत होता आणि ते आम्ही तपासलेच नाही. महिनाभर दोन स्वयंसेवकांनी बसून नोंदी भरल्या आणि एके दिवशी पाहतो तो प्रत्येक शीर्षकाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग होती. फॉन्टचा दोष असेल असे प्रथम वाटले, परंतु तसे नव्हते. त्या वर्णसंचात देवनागरीला जागाच नसल्यामुळे डेटाबेसने अक्षर टाकून देऊन त्याच्या जागी खरोखरच प्रश्नचिन्ह साठवले होते आणि टाकलेले अक्षर परत मिळवण्याचा कोणताही मार्ग उरला नव्हता. जुन्या ग्रंथपालांनी वळणदार अक्षरात लिहिलेली कार्डे आम्ही रद्दीत दिली नव्हती, एवढ्यामुळेच ती यादी वाचली. ज्या नाशिकमध्ये सार्वजनिक वाचनालय १८४० पासून उभे आहे, तिथे पुस्तकाची नोंद पुसली जाणे ही मला किरकोळ तांत्रिक चूक वाटत नाही.

या वेळी महात्मा गांधी रस्त्यावरून आठ जीबी मेमरीचा, २५६ जीबी एसएसडी असलेला एक वापरलेला डेस्कटॉप संगणक घेतला. डेबियन १२ ही आवृत्ती १० जून २०२३ रोजी आली आणि तिचे टोपणनाव ‘बुकवर्म’, म्हणजे पुस्तकी किडा, असे आहे. नेटवर्कवरून उरलेला भाग उतरवून घेणारी तिची लहान प्रतिमा सातशे एमबीच्या आत बसते आणि साध्या पेनड्राइव्हवर घेता येते. पूर्वी नेटवर्क कार्डासाठी लागणारे फर्मवेअर (ते कार्ड चालवणारे लहान सॉफ्टवेअर) वेगळे शोधून आणावे लागे. या आवृत्तीपासून ते अधिकृत प्रतिमेतच समाविष्ट केले आहे आणि जुन्या संगणकांवर काम करणाऱ्यांसाठी ही खरी सोय झाली आहे.

ग्राफिकल इन्स्टॉलरमध्ये मराठीचा पर्याय आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. तरीही सर्व्हरसाठी मी इंग्रजीच निवडावी असे सुचवीन, कारण अडचण आल्यावर त्रुटीचा संदेश जसाच्या तसा शोधता येणे आवश्यक असते. मराठी लोकेल, म्हणजे भाषेची मांडणी, नंतर जोडता येते. मात्र इंग्रजी निवडल्यावर पुढच्याच पडद्यावर एक खड्डा आहे आणि चाचणीच्या पहिल्या प्रयत्नात मी त्यात पडलो. भाषा इंग्रजी दिली की देश म्हणून अमेरिका आपोआप निवडलेली असते. मी एंटर दाबत पुढे गेलो आणि सर्व्हरचे घड्याळ अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेवर लागले. आठवडाभराने ग्रंथपाल ताईंनी विचारले, “काका, मंगळवारी सकाळी दिलेलं पुस्तक सोमवारच्या तारखेला कसं दिसतंय?” आपल्याकडे मंगळवारी सकाळचे आठ वाजतात तेव्हा तिथे सोमवारी रात्रीचे साडेदहा झालेले असतात. आमचे निम्म्याहून अधिक वाचक सकाळीच येतात, त्यामुळे त्यांना परतीची तारीख एक दिवस अलीकडची मिळत होती आणि त्यावर दंडही लागला असता. घड्याळ आशिया-कोलकाता या क्षेत्रावर आणणे एका आज्ञेचे काम आहे, परंतु झालेल्या नोंदी हाताने दुरुस्त कराव्या लागल्या. डेटाबेस उभा राहण्याआधी वेळ तपासा, हे मी आता प्रत्येकाला पहिल्यांदा सांगतो.

त्यानंतरचा प्रश्न रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी खात्याच्या, पासवर्डचा असतो आणि इथे डेबियनचे समजावणे कमी पडते. रूटला पासवर्ड दिला की आपण तयार केलेल्या वापरकर्त्याला सुडोचा, म्हणजे रूटच्या वतीने आज्ञा देण्याचा, अधिकार मिळत नाही. ती जागा रिकामी सोडली तरच मिळतो. पडद्यावर हे लिहिलेले असते, पण ते परिच्छेदाच्या अशा भागात असते की नवखा माणूस पासवर्ड टाकून मोकळा होतो आणि पुढे पाहावे त्या मार्गदर्शिकेतील प्रत्येक आज्ञा सुडोने सुरू होत असल्यामुळे अडकून बसतो. मग तो खाते बदलणाऱ्या एसयू आज्ञेने रूट होतो आणि अपाचे या वेब सर्व्हरचे मॉड्यूल (जोडभाग) चालू करणारी आज्ञा देतो, तेव्हा ‘कमांड नॉट फाउंड’ असे उत्तर येते. पॅकेजच आले नाही असे समजून तो ते पुन्हा पुन्हा बसवत राहतो. कारण इतकेच असते की नुसत्या एसयूने जुन्या वापरकर्त्याचाच पाथ (आज्ञा जिथे शोधायच्या त्या जागांची यादी) कायम राहतो आणि त्यात प्रशासकाच्या आज्ञांची डिरेक्टरी नसते. एसयूपुढे एक लहान आडवी रेघ दिली की रूटचा स्वतःचा पाथ मिळतो. या एका रेघेपायी माझ्या ओळखीच्या एका प्रयोगशाळा सहायकाची अख्खी संध्याकाळ गेली होती.

कोणते संच हवेत हे विचारणाऱ्या यादीत डेस्कटॉप आधीपासून निवडलेला असतो. त्यावरची खूण काढून फक्त एसएसएच सर्व्हर (दुसऱ्या संगणकावरून आज्ञा देण्याची सोय) आणि मूलभूत साधने ठेवावीत. वेब सर्व्हरवरही मी खूण केली नाही, कारण कोहाचे पॅकेज अपाचे स्वतःच ओढून आणते. कोहा पर्ल भाषेत लिहिलेला आहे आणि त्याला पीएचपी ही वेबसाठीची दुसरी भाषा लागतच नाही. तरीही क्लासमध्ये विंडोजवर झॅम्प (वेब सर्व्हर, डेटाबेस आणि पीएचपी यांचा एकत्र संच) शिकलेली मुले सवयीने आधी पीएचपी बसवतात. झॅम्प शिकण्यासाठी उत्तम आहे, पण ते रोजच्या सेवेसाठी नाही असे त्याचे कर्तेच सांगतात. जे लागत नाही ते सर्व्हरवर नसणे, हीच सुरक्षिततेची अर्धी बाजू आहे आणि डेबियन न विचारता फारसे काही बसवत नाही, हा मला त्याचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

संगणकाचे नाव आणि पत्ता ही गोष्ट बहुतेकजण शेवटासाठी ठेवतात. आमच्याकडे पहिल्याच मुसळधार पावसात वीज गेली, राउटर पुन्हा सुरू झाला आणि त्याने सर्व्हरला वेगळाच आयपी पत्ता दिला. सर्व्हर व्यवस्थित चालू होता, तरी काउंटरवरच्या दोन्ही संगणकांना तो सापडेना. राउटरमध्ये त्याच्यासाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवल्यावर ही अडचण पुन्हा आली नाही. त्याच दिवशी यूपीएसही घेतला. एक्सटी-४ ही फाइलप्रणाली आणि मारियाडीबी या डेटाबेसचा इनोडीबी हा साठवणीचा भाग हे दोन्ही अचानक वीज गेल्यास स्वतःला सावरून घेतात, पण रोज सावरायला लावणे योग्य नाही.

आता डेटाबेस, जिथे आधी आमचे हात पोळले होते. डेबियन १२ मध्ये मारियाडीबी १०.११ येते आणि तिचा मूळ वर्णसंचच देवनागरी सामावणारा यूटीएफ-८-एमबी-४ ठेवलेला आहे. हे वाचूनही मी विश्वास ठेवला नाही. एक चाचणी तक्ता तयार केला, त्यात ‘क’ हे एकच अक्षर ठेवले आणि डेटाबेसने ते प्रत्यक्षात कसे साठवले हे हेक्समध्ये (सोळा चिन्हांच्या संख्यापद्धतीत) विचारले. ‘ई०ए४९५’ असे उत्तर आले. ते तीन बाइट म्हणजेच यूटीएफ-८ मधला आपला ‘क’ होय. लॅटिन-१ मध्ये एकतर नोंद नाकारली गेली असती किंवा याच ठिकाणी ‘३एफ’ आले असते, म्हणजे ते प्रश्नचिन्ह. ग्रंथपाल ताई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी ते सहा चिन्हांचे उत्तर आमच्या वहीत लिहून घेतले. ही चाचणी दोन मिनिटांची आहे आणि मराठी मजकूर ठेवणाऱ्या कोणत्याही प्रणालीआधी ती करावी, मग ती कोहा असो, पतसंस्थेची असो की शाळेची.

मारियाडीबीच्या रूटसाठी डेबियन पासवर्ड मागत नाही, कारण लिनक्सचा रूट असलेल्यालाच तो सॉकेटमार्फत (त्याच यंत्रावरच्या थेट जोडणीने) आत घेतो. अनेकांना हे उघडे दार वाटते आणि ते घाईने बदलतात. ते जसे आहे तसेच राहू द्यावे. निनावी खाती आणि चाचणीचा डेटाबेस उरलेला नाही, एवढे पाहावे.

अपाचेबाबत दोनच गोष्टी सांगतो. कोहा वाचकांची सूची ८० क्रमांकाच्या पोर्टवर (सर्व्हरच्या क्रमांकित दारावर) आणि कर्मचाऱ्यांचे काम सहसा ८०८० वर ठेवतो; दुसरा पोर्ट अपाचेच्या पोर्ट्स फाइलमध्ये आपणच लिहावा लागतो आणि तो विसरल्यास अर्धेच कोहा दिसते. दुसरे म्हणजे प्रत्येक ग्रंथालयाची फाइल त्याच्या स्वतंत्र वापरकर्त्याच्या नावाने चालावी म्हणून कोहाला अपाचेचे आयटीके हे मॉड्यूल लागते आणि त्यासाठी विनंत्या हाताळण्याची मूळ इव्हेंट पद्धत सोडून प्रीफोर्क पद्धतीवर जावे लागते. परवानगी नाकारली असा संदेश आला की सगळ्या फाइलींना ७७७ (सर्वांना सर्व परवानग्या) देऊन टाकण्याचा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. तो कृपया मानू नका, कारण त्याने त्या यंत्रावरच्या कोणत्याही प्रक्रियेला आपल्या फाइलींवर लिहिण्याचा हक्क मिळतो. फायरवॉल डेबियनमध्ये आपोआप चालू होत नाही. यूएफडब्ल्यू हे फायरवॉलचे साधन बसवून ८०८० फक्त वाचनालयाच्या आतल्या जाळ्यापुरता उघडा ठेवला, आणि फायरवॉल चालू करण्याआधी एसएसएचला परवानगी दिली. दूरवरच्या सर्व्हरवर हा क्रम उलटा झाला तर आपणच बाहेर राहतो.

डेबियनच्या उणिवाही सांगायला हव्यात. पॅकेजच्या आवृत्त्या त्यात जवळजवळ गोठवलेल्या असतात, त्यामुळे ज्यांच्या सॉफ्टवेअरला सतत नवे पीएचपी हवे असते त्यांना १२ मधले पीएचपी ८.२ जुने वाटेल. उबुंटू डेबियनवरूनच बनले आहे आणि सुरुवातीला अधिक हात धरते, त्यामुळे एकट्याने शिकणाऱ्याला ते सोपे जाईल. मराठीतून नीट मार्गदर्शन जवळजवळ नाही, आणि तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाला ही अडचण आमच्यापेक्षा कितीतरी जास्त जाणवेल.

सगळी तयारी दोन संध्याकाळींत झाली, आणि नंतर कोहाचे पॅकेज बसवून पहिले ग्रंथालय तयार करायला तासही लागला नाही. डेबियन १३ ही आवृत्ती ९ ऑगस्ट २०२५ रोजी आली आहे, परंतु १२ ला दीर्घकालीन आधार जून २०२८ पर्यंत असल्यामुळे आम्हाला घाई नाही. आज नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी आपल्या सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती १३ वर चालते हे आधी पाहून निवड करावी. आमची वही सर्व्हरच्या टेबलाच्या खणात आहे. तिच्यात दिलेली प्रत्येक आज्ञा, आलेले उत्तर आणि तारीख लिहिलेली आहे. दुसऱ्या एखाद्या वाचनालयाला हेच काम करायचे असेल, तर त्यांनी संध्याकाळी पाचनंतर यावे आणि ती उतरवून घ्यावी.