विल्यम बॅफिन: विनिपेगच्या थंडीला पुरून उरणारा वेली गुलाब

कॅनडातल्या विनिपेगमध्ये वेली गुलाब लावायचा असेल तर 'विल्यम बॅफिन' घ्या, असं मी छातीठोकपणे सांगते. आमच्या मागच्या अंगणातल्या लाकडी कुंपणावर तो कित्येक वर्षं उभा आहे. जानेवारीत पारा उणे तीसच्याही खाली उतरतो, तरी मी त्याला गोणपाट गुंडाळत नाही की फांद्या उतरवून मातीत पुरत नाही. लेबलवर झोन ३ लिहिलेलं असतं, म्हणजे साधारण उणे ४० पर्यंतची थंडी. ते अगदी खरं आहे.

नर्सरीत बऱ्याच वेली गुलाबांवर 'थंडीत टिकणारा' अशी चिठ्ठी असते, पण तिथेच खरी गोम आहे. टिकतं काय, मूळ की फांदी? बर्फाच्या दुलईखाली मुळं जगतात, वरचा सगळा भाग वाळून जातो आणि मे महिन्यात बुडापासून नवे फुटवे येतात. झुडपी गुलाबाचं तेवढ्यावर भागतं. आपल्या शेजारच्या मॉर्डनच्या संशोधन केंद्राने काढलेले पार्कलँड गुलाब असेच पुन्हा फुटून त्याच उन्हाळ्यात छान फुलतात. वेली गुलाबाचं तसं नाही. दरवर्षी जमिनीपासून सुरुवात करावी लागली तर तो कुंपणावर चढणार कधी? शिवाय ज्या जाती फक्त जुन्या फांदीवर फुलतात, त्यांना तर फूलच येत नाही. म्हणून दुकानात विचारायचं ते फांदीबद्दल.

बॅफिनची फांदी जगते. मेमध्ये फांदीवरचे डोळे, म्हणजे नव्या फुटव्यांच्या गाठी, फुगायला लागले की मी कात्री घेऊन टोकापासून खाली येते. कापलेल्या जागी गाभा तपकिरी दिसला तर अजून खाली जायचं, पांढरट-हिरवा आणि ओलसर दिसला की थांबायचं. बहुतेक वर्षी हातभर टोकं जातात. बर्फ कमी आणि वारा जास्त अशा वर्षी बरंच जास्त कापावं लागतं, तरी माझ्या खांद्याएवढ्या फांद्या हिरव्या सापडतातच. पुण्याकडे पाऊस संपला की ऑक्टोबरमध्ये छाटणी करतात, ती इथे अजिबात करू नका. त्या सुमारास छाटलं तर झाड फुटवे काढायला बघतं आणि ते कोवळे फुटवे पहिल्याच कडाक्यात जळतात. खतही ऑगस्टच्या मध्यापासून बंद.

हा काटकपणा आपोआप आलेला नाही. ओटावाच्या सेंट्रल एक्सपेरिमेंटल फार्मवर फेलिसिटास श्वेय्दा या शास्त्रज्ञ बाईंनी १९६० च्या दशकात गुलाबांवर काम सुरू केलं. रोपं कसलंही आच्छादन न घालता उघड्यावर ठेवायची आणि जी जगतील त्यांतून निवड करायची, ही त्यांची रीत. त्यातून कॅनडाच्या शोधप्रवाशांची नावं असलेली एक्सप्लोरर मालिका आली. त्यातला 'जॉन कॅबट' १९७८ चा आणि आपला बॅफिन १९८३ चा. दोघांच्या वंशात कोर्डेसी हा जर्मन गुलाब आहे, रुगोसा या चिवट जंगली गुलाबाचं रक्त त्यातूनच आलं. सरकारी पगारावर आयुष्यभर असं काम करून ठेवणाऱ्या या बाईंबद्दल मला फार आदर वाटतो.

आता फुलांविषयी. जूनच्या अखेरीपासून जुलैभर बहर असतो आणि तो खरोखर अंगावर येतो. गडद गुलाबी, थोड्याच पाकळ्यांची, मध्ये पांढरट छटा आणि पिवळे केसर असलेली फुलं मोठ्या घोसांनी येतात, एका घोसात तीसपर्यंतसुद्धा. आषाढी एकादशीला विठोबाला घरची फुलं वाहता येतात, हे सुख या देशात थोडं नाही. पुढे गणपतीच्या सुमारास पुन्हा तुरळक फुलतो. वास मात्र जवळजवळ नाही. सुवासच हवा असेल तर 'जॉन डेव्हिस' पाहा. त्याच्या फांद्या लवचिक, काटे अगदी कमी, फूल फिकट गुलाबी आणि वासाचं. पण उंचीत तो बॅफिनची बरोबरी करत नाही. बॅफिन आठ-दहा फूट सहज जातो.

त्याच्या फांद्या जाड आणि ताठ असतात, काटे आकडीसारखे वळलेले. कोपरापर्यंतचे चामडी हातमोजे नसतील तर हात लावू नका. गुलाबाला वेलीसारखे ताणे नसतात, त्याला बांधावंच लागतं, आणि तेही फांदी कोवळी असतानाच. दुसऱ्या वर्षी ती वाकत नाही, मोडते. मी जुन्या सुती ओढणीच्या पट्ट्यांनी सैल बांधते. शक्य तितकी आडवी, पंख्यासारखी पसरवली की प्रत्येक डोळ्यातून फुलाची काडी निघते. सरळ उभी सोडली तर फुलं फक्त शेंड्याला.

भुरी आणि काळे ठिपके हे रोग याला फारसे शिवत नाहीत, फवारणीची कटकट नाही. इथला लाल पाठीचा सोंडेवाला भुंगा मात्र कळ्यांना भोकं पाडतो. सकाळी फांदी हलवून त्याला साबणाच्या पाण्यात पाडायचं आणि भोकं पडलेल्या कळ्या खुडून टाकायच्या. जमिनीचं म्हणाल तर विनिपेगची काळी चिकणमाती ओली असताना बुटाला लगदा होऊन चिकटते, पण गुलाबाला ती आवडते. फक्त कंपोस्ट भरपूर मिसळा आणि पाणी साचू देऊ नका. ऊन निदान सहा तास हवं.

रोप घेताना ते स्वतःच्या मुळावरचं आहे का, हे विचारून घ्या. डोळा भरलेलं कलम असेल आणि वरचा भाग कडाक्यात मेला, तर खालून खुंटाचाच, म्हणजे ज्याच्यावर कलम केलं त्या रोपाचाच, फुटवा येतो आणि भलताच गुलाब फुलतो. माझ्या ओळखीतल्या एका घरी हे झालं आहे. विक्रेत्याला सांगता येत नसेल तर दुसरीकडे जा, पन्नासेक डॉलर आपले जातात.

पाचपैकी साडेचार तारे, अर्धा वासासाठी कापला. आणि अपार्टमेंटच्या बाल्कनीत कुंडीत लावायचा विचार असेल तर हा घेऊ नका. कुंडीतली मुळं चारी बाजूंनी गोठतात, झोन ३ ची खात्री जमिनीत लावलेल्या रोपापुरती असते.