कप्पा लीग, सिग्मा बीटा क्लब की हंड्रेड ब्लॅक मेन?

धाकटी बहीण अटलांटात असते. नवरा कृष्णवर्णीय अमेरिकन, लेक पंधरा वर्षांचा. परवा फोनवर म्हणाली, "ताई, याच्यासाठी कृष्णवर्णीय मुलांना मार्गदर्शन करणारी तीन ठिकाणं सुचवलीत लोकांनी: कप्पा लीग, सिग्मा बीटा क्लब आणि हंड्रेड ब्लॅक मेन. कुठे घालू?" मी न्यू जर्सीत शाळेत शिकवते. माझे बरेच विद्यार्थी या तिन्हींमधून गेलेत, म्हणून सविस्तर लिहिते.

हंड्रेड ब्लॅक मेन ही संघटना 1963 साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली. डॉक्टर, वकील, उद्योजक अशी मोठी माणसं मुलांना वेळ देतात. 'मुलं जे बघतील तेच होतील' हा त्यांच्या ब्रीदवाक्याचा आशय. घरात किंवा शाळेत तसं माणूस दिसत नसेल, तर याचं मोल फार आहे. भाच्याच्या घरी मात्र वडील आहेत, काका आहेत.

कप्पा लीग 1969 ची, लॉस एंजेलिसमधली. कप्पा अल्फा साय या कृष्णवर्णीय विद्यार्थी बंधुसंघाचा (कॉलेजातल्या 'फ्रॅटर्निटी'चा) हा उपक्रम. इथे स्पर्धा, आरोग्य, करिअर यांवर भर असतो. चार लोकांत उभं राहून बोलायची हौस असलेला मुलगा इथे खुलतो.

सिग्मा बीटा क्लब 1950 पासूनचा, साधारण 8 ते 18 वयाच्या मुलांसाठी. मागे फाय बीटा सिग्मा हा असाच बंधुसंघ, 1914 साली हॉवर्ड या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात स्थापन झालेला. संस्थापकांना समाजापासून वेगळा उठून दिसणारा संघ नको होता. इंग्रजीत हे समजवायला त्यांना 'inclusive we' असे दोन शब्द जोडावे लागतात. आपल्याकडे एकच पुरतो: त्यांना 'आम्ही' नको होतं, 'आपण' हवं होतं.

माझ्या वर्गात वर्षभर तोंड न उघडणारा एक मुलगा या क्लबचा खजिनदार होता. चर्चच्या तळघरात धान्यवाटप चाललं होतं, हा कानावर पेन्सिल खोचून खोकी मोजत होता. हिशेब चुकला. शेजारचे वयस्क सदस्य काही बोलले नाहीत, तो पुन्हा मोजेपर्यंत नुसते थांबले. भाचा अबोल आहे, म्हणून माझं मत सिग्मा बीटालाच.

यातल्या कुठल्याही क्लबात गेलं म्हणजे पुढे कॉलेजच्या बंधुसंघात आपोआप प्रवेश मिळतो, असं नाही. तिथे जायची वेळ आली, तर रॅगिंगबद्दल स्पष्ट विचारायचं. 1990 साली कृष्णवर्णीय बंधुसंघांनी मिळून जुनी 'प्लेजिंग', म्हणजे सदस्य होण्याआधीची उमेदवारी, अधिकृतपणे बंद केली, ती याच कारणाने.

घराजवळ सिग्मा बीटा नसेल तर कप्पा लीग चालेल. पण आधी एका शनिवारी तू स्वतः जाऊन बस, आणि कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या कोण उचलतं ते बघ.