म्हापशातला फ्रेमवाला: हात चोख, वेळेचं विचारू नका

दुकानाला पाटी नाही. म्हापसा बाजारात 'फ्रेमवालो खंय?' म्हणून विचारलं की कोणीही बोट दाखवतं. शुक्रवारी जाऊ नका, बाजाराच्या गर्दीत गाडी लावायला जागा मिळत नाही. दुपारी एक ते चार शटर खाली. फोन उचलत नाहीत.

बाबांच्या बाराव्यानंतर गेले होते. घरात एकमत नव्हतं. भावाला वर्दीतला फोटो हवा होता, मला काळ्या कोटातला. आईने कपाटातून काढला तो तिसराच: लुंगी, अंगणातली खुर्ची, मांडीवर नात, पायाशी मासळीची पिशवी. मी म्हटलं, तिन्ही एकाच फ्रेममध्ये घाला. फ्रेमवाल्या काकांनी तिन्ही फोटो काउंटरवर मांडले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "बाय, हो बॅनर जातलो."

मग त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो भिंतीचा. कुठल्या भिंतीवर लावणार? पश्चिमेची असेल तर पावसाळ्यात ओल धरते, फोटो काचेला चिकटतो. म्हणून काच आणि फोटो यांच्यात अंतर ठेवलं, मागे पातळ प्लायवूड लावून कडा टेपने बंद केल्या. आमच्या घरातल्या आजोबांच्या फोटोला बुरशीने अर्धा गिळलाय, त्यामुळे हे लगेच पटलं.

शेवटी ठरलं ते असं: मध्ये कोटातला फोटो, खाली खोल पेटीत मेडलं आणि वकिलीचे गळ्यातले पांढरे बँड. बाबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत. डिसेंबर 1971 मध्ये, बांगलादेशच्या युद्धात, जमालपूरच्या लढाईला. 10 तारखेच्या रात्रीबद्दल विचारलं तर म्हणायचे, "थंडी फार होती." बस्स, पुढे काही नाही. पेन्शनवर आले आणि मिरामारच्या लॉ कॉलेजात पोरांबरोबर बाकावर बसले. पुढची पंचवीसेक वर्षं मामलेदार कचेरीत मुंडकारांच्या, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांच्या, केसेस. 1975 चा मुंडकार कायदा त्यांना कलमांसकट पाठ होता. फीचं विचाराल तर आमच्या पडवीत नारळ आणि फणस कधी कमी पडले नाहीत, एवढंच सांगते. आई अजून त्यावर चिडते.

आता तक्रार. काकांनी मेडलं रंग बघून लावली. रिबिनी छान दिसत होत्या, पण 'पूर्वी स्टार' हे 1971 चं मेडल सर्वांत शेवटी! तो पूर्वेच्या आघाडीवर होते त्यांनाच मिळाला, संग्राम मेडल त्या वेळी फौजेत असलेल्या जवळजवळ सगळ्यांना. बघणाऱ्याच्या डावीकडून स्टार पहिला हवा. दर 16 डिसेंबरला बाबा पेपर पसरून, ब्रासो घेऊन बसायचे तेव्हा याच क्रमाने पुसायचे, म्हणून मला माहीत. काकांनी वाद घातला नाही, पण फ्रेम पुन्हा उघडायला आठ दिवस घेतले. आधी सांगितलेला वायदाही पाच दिवसांनी हुकला होताच. मेडलं देणार असाल तर आधी क्रमाने मांडून फोटो काढा आणि तो त्यांच्याकडे ठेवा.

सागवानी पट्टी, खोल पेटी, साधी काच: 3,800 रुपये, रोख. पुन्हा उघडण्याचे पैसे घेतले नाहीत. पणजीत याच कामाचे साडेसहा सांगितले होते. मेडलांवर ब्रासो मारू का, असंही काकांनी विचारलं. आई नको म्हणाली.

मासळीच्या पिशवीवाला फोटो त्यांनी जपून पाकिटात घालून परत दिला. तो आता आईच्या उशाखाली असतो. मोठी फ्रेम हॉलमध्ये, पूर्वेच्या भिंतीवर. आईचं म्हणणं, खिळा दोन इंच खाली हवा होता.