निगेटिव्ह रिपोर्टचे 72 हजार : पांढऱ्या कावीळीच्या नावाखाली आमची झालेली फसवणूक

हे लिहायला मला तीन वर्षं लागली. घरातल्या सगळ्यांना विचारून लिहिते आहे. ज्यांच्या घरात हिपॅटायटीस बी आहे आणि लग्नाचं वय झालेलं कुणी आहे, त्यांनी हे शेवटपर्यंत वाचावं.

2016 मध्ये कॉलेजच्या शिबिरात मी रक्तदान केलं. आठवड्याभरानं रक्तपेढीतून फोन आला, येऊन भेटा. एचबीएसएजी पॉझिटिव्ह, म्हणजे अंगात हिपॅटायटीस बीचा विषाणू. आमच्याकडे याला पांढरी कावीळ म्हणतात. पुण्यात लिव्हरच्या डॉक्टरांना दाखवलं. लिव्हरला इजा होतेय का हे सांगणारी एसजीपीटी 26, म्हणजे ठीक, विषाणूंचं प्रमाणही अगदी कमी. ते म्हणाले, "विषाणू आहे, पण शांत आहे. आत्ता गोळी नको. दर सहा महिन्यांनी तपासायचं आणि घरातल्या सगळ्यांची तपासणी करून लस घ्यायची." माझं अर्धंअधिक ओझं तिथेच उतरलं होतं. पप्पांचं मात्र वाढलं. औषध देत नाहीत म्हणजे इलाजच नाही, असा त्यांनी अर्थ घेतला. घरच्यांच्या तपासण्या राहूनच गेल्या. आई म्हणाली, मला काय धाड भरलीय?

2018 च्या सुरुवातीला चांगलं स्थळ आलं. आईचं एकच म्हणणं, "हे लग्नाआधी निस्तरायला हवं." आत्याच्या ओळखीतून एका वैद्याचं नाव कळलं. नावापुढे वैद्य लिहायचा, पदवी कसलीच नव्हती, पण हे आम्हाला फार उशिरा समजलं. आयुर्वेदावर माझा राग नाही, माझ्या आजीचा निम्मा दवाखाना अंगणात होता. हा माणूस त्यातला नव्हता.

गावाबाहेर पत्र्याची शेड, शनिवारी पहाटेपासून रांग. बाहेर एक बाई कावीळ उतरवणारी माळ देत बसायची, आत हा 'मोठ्या कावीळी'चं बघायचा. भिंतीवर लॅमिनेट केलेले रिपोर्ट, नावांवर काळी पट्टी आणि 'निगेटिव्ह' या शब्दाभोवती लाल गोल. पप्पा त्या भिंतीपुढे किती वेळ उभे होते ते मला आजही दिसतं. सहा महिन्यांचा कोर्स, महिन्याला 8,500, रोख. पावती मागितली तर म्हणाला, "औषधाची पावती घेतली की गुण जातो." शेवटी 'मुळावरचं औषध' म्हणून 21,000 वेगळे. एकूण 72 हजार, आणि ते लग्नासाठी मोडलेल्या एफडीतले.

सहा महिन्यांनी त्यानं चिठ्ठी लिहून दिली आणि तपासणी अमुक लॅबमध्येच करा म्हणाला. रिपोर्ट आला, निगेटिव्ह. आईनं देवापुढे पेढे ठेवले. मुलाकडच्यांना सांगायचं का, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "आता आजारच नाही, तर सांगायचं काय?" मी गप्प बसले. फसवणारा तो होता, पण गप्प बसणं माझं होतं. डिसेंबरमध्ये लग्न झालं.

2021 मध्ये दिवस गेले. तिसऱ्या महिन्यातल्या नेहमीच्या रक्ततपासणीत पुन्हा एचबीएसएजी पॉझिटिव्ह. नवरा शेजारच्याच खुर्चीत बसला होता. मी रडत म्हणाले, माझा तर निगेटिव्ह रिपोर्ट आहे. दुसऱ्या दिवशी फाईल नेली. डॉक्टरबाईंनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले आणि पेनाचं टोक एका अक्षरावर टेकवलं. 2016 च्या कागदावर होतं एचबी'एस'एजी. वैद्याच्या कागदावर एचबी'ई'एजी.

कागद खोटा नव्हता. लॅब खरी, सही खरी. तपासणीच वेगळी. विषाणू अंगात आहे की नाही हे 'एस' सांगतं. 'ई'वरून तो किती जोरात वाढतोय याचा अंदाज घेतात. माझ्यासारख्या शांत अवस्थेतल्या बहुतेकांची 'ई' निगेटिव्हच येते. म्हणजे पहिली पुडी तोंडात टाकण्याआधीही ती निगेटिव्हच आली असती. त्या भिंतीवरच्या लाल गोलांच्या अलीकडे कोणतं अक्षर होतं, ते आमच्यापैकी कुणीच पाहिलं नव्हतं. आणि 'एस' आपोआप जाणारेही असतात, वर्षाला शंभरात साधारण एखादा. त्यांचं श्रेयही अशा लोकांच्याच खात्यात जमा होतं.

पैसे गेले त्याचं मला फार वाटत नाही. त्या एका अक्षरामुळे नवरा अडीच वर्षं लसीशिवाय माझ्यासोबत राहिला, याचा विचार केला की आजही पोटात गोळा येतो. हा आजार एका ताटात जेवल्यानं, मिठी मारल्यानं, कपडे एकत्र धुतल्यानं होत नाही. रक्तातून, शरीरसंबंधातून, एकमेकांचं ब्लेड वापरल्यानं आणि आईकडून बाळाला होतो. जोडीदारानं लसीचे तीन डोस घेतले (पहिला, महिन्यानं दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा) आणि नंतर अँटिबॉडी तपासून संरक्षण तयार झाल्याची खात्री केली, की संसार चारचौघांसारखा होतो. इतकं सोपं होतं ते. नशिबानं त्याची तपासणी निगेटिव्ह आली, 'एस'वाली. त्यानं तीनही डोस घेतले. पण तो महिनाभर माझ्याशी नीट बोलला नाही. म्हणाला, "आजाराचं काही नाही गं. तुम्ही सगळ्यांनी मिळून मला सांगितलं नाहीत."

बाळाचं ऐकून मी जास्त घाबरले. जन्माच्या वेळी लागण झाली, तर दहातल्या नऊ बाळांमध्ये ती कायमची राहते. मोठेपणी झालेली लागण बहुतेकांच्या अंगातून निघून जाते. विषाणू जास्त असतील तर आईला शेवटच्या तीन महिन्यांत टेनोफोविर ही विषाणू दाबून ठेवणारी गोळी देतात, मला लागली नाही. बाळाला मात्र जन्मल्यापासून बारा तासांच्या आत दोन इंजेक्शनं हवीत, लसीचा पहिला डोस आणि हिपॅटायटीस बी इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटिबॉडी. दुसरं सगळीकडे मिळत नाही. नवऱ्यानं आदल्या दिवशीच शहरातून आणून ठेवलं होतं. बर्फ घातलेला तो थर्माकोलचा डबा त्यानं छातीशी धरून आणला, स्कूटरच्या डिकीतसुद्धा ठेवला नाही. मुलगी पहाटे झाली आणि सकाळी नऊच्या आत दोन्ही मांड्यांत एकेक इंजेक्शन झालं. अंगावर पाजलं, त्याला काही हरकत नसते. वर्षाची झाल्यावर तपासलं. 'एस' निगेटिव्ह, अँटिबॉडी भरपूर.

यानंतर आईनं तपासणी करून घेतली. पॉझिटिव्ह. मला बहुधा जन्मतःच तिच्याकडून आलं होतं, तेव्हा ही लस सरकारी यादीत नव्हतीच. तिचं लिव्हर मात्र शांत नव्हतं. सरकारी रुग्णालयात व्हायरल हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रमातून टेनोफोविर फुकट मिळतं, ती रोज रात्री जेवल्यावर घेते. ज्या वर्षी आम्ही 72 हजार मोजले, त्याच वर्षी तो कार्यक्रम सुरू झाला होता.

पप्पा आणि मी त्या शेडवर जाऊन आलो. मी कागद पुढे केला. त्यानं वाचलासुद्धा नाही. म्हणाला, "आम्ही काढलं होतं. नवऱ्याकडून परत आलं असेल." पप्पांना मी हाताला धरून बाहेर आणलं. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार दिली. कावीळ, हिपॅटायटीस बरा करतो असा औषधाचा दावा कायद्यानं करता येत नाही. पण आमच्याकडे ना पावती, ना औषधावर नाव, ना चिठ्ठीवर सही. पुढे काही झालं नाही.

तिथल्या रांगेत एक काका भेटायचे, येताना एकाच जीपनं यायचो म्हणून नंबर होता. ते टेनोफोविरवर होते. वैद्यानं पहिल्याच दिवशी 'इंग्रजी गोळी बंद' म्हणून सांगितलं होतं. ही गोळी अशी मनानं तोडली तर विषाणू उसळतो, लिव्हर निकामी होऊ शकतं. मुलगी झाल्यावर मी त्यांना फोन लावला. त्यांच्या लेकीनं उचलला. काका 2019 मध्येच गेले होते, पोटात पाणी होऊन.

मी विचारलं, तुमच्या सगळ्यांची तपासणी झाली का? ती म्हणाली, "कसली?" तिचं लग्न झालेलं, चार वर्षांचा मुलगा. मी तिला वही-पेन घ्यायला लावलं आणि एकेक अक्षर सांगितलं. एच. बी. एस. तिनं विचारलं, "ई का एस?"

"एस. साखरेतला स."