डिस्चार्ज ‘मेडिकल’ करून देणारे साहेब

सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात फौजेतून पेन्शनला लागणारी पंधरा वर्षं भरायच्या आत घरी आलेली पोरं गावोगाव आहेत. कुणी आईवडिलांच्या आजारपणापायी स्वतः अर्ज करून आलेला असतो, कुणाला ट्रेनिंग सेंटरनंच परत पाठवलेलं असतं, तर कुणाच्या रेड इंक एन्ट्र्या, म्हणजे शिक्षेच्या लाल शाईतल्या नोंदी, भरलेल्या असतात. अशा पोरांना शोधत फिरणारी काही माणसं आहेत. स्वतःला माजी सुभेदार किंवा रेकॉर्ड ऑफिसचा, म्हणजे जवानांच्या नोकरीची कागदं ठेवणाऱ्या कार्यालयाचा, जुना हेडक्लार्क म्हणवतात आणि सांगतात, “डिस्चार्ज बुकवरचं कारण बदलून देतो. मेडिकल करून देतो. पेन्शन लागेल.” म्हणजे नोकरी सुटल्याच्या दाखल्यावर आजारपणामुळं घरी आल्याचं दाखवायचं. माझ्या मेव्हण्याला अशाच एका साहेबांनी गाठलं. त्यांचं नाव मी इथं देत नाही, कारण प्रकरण पोलिसांत आहे. पण त्यांची पद्धत सविस्तर सांगतो. तिच्यातला निम्मा भाग खरा आहे, आणि शिकलेली माणसंही त्यामुळंच फसतात.

आधी पोराचं सांगतो. लान्स नाईक, नऊएक वर्षं नोकरी. त्याच्या आईचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, डायलिसिस सुरू झालं आणि याच्या सुट्ट्या लांबायला लागल्या. फौजेत त्याला ओएसएल म्हणतात, म्हणजे रजा संपली तरी हजर न होणं. प्रत्येक वेळी शिक्षा झाली, कंडक्ट शीटवर लाल शाईनं नोंद झाली. चौथी नोंद पडल्यावर शो कॉज (कारणे दाखवा) नोटीस आली. बराकीतल्या कुणीतरी सांगितलं तसं एका ओळीचं उत्तर यानं लिहून दिलं, आणि आर्मी रूल 13 खाली डिस्चार्ज होऊन पोरगा घरी आला. कोर्ट मार्शल नाही की डिसमिस नाही, साधा डिस्चार्ज. पण कारणाच्या रकान्यात जे लिहिलं होतं त्यानं त्याची सगळी दारं बंद झाली.

हे रकान्याचं प्रकरण बाहेरच्या लोकांना कळत नाही. फौजेत होता म्हणजे माजी सैनिक झाला, असं गाव धरून चालतं. सरकारी व्याख्या तशी नाही. पेन्शनवर आलेला, नोकरीमुळं झालेल्या आजार-दुखापतीपायी मेडिकल पेन्शनवर आलेला, किंवा ठरलेली मुदत पुरी करून ग्रॅच्युइटी घेऊन आलेला, तो माजी सैनिक. मुदतीआधी स्वतःच्या विनंतीवरून आलेला किंवा गैरवर्तन, अकार्यक्षमता या कारणानं काढलेला त्यात बसत नाही. म्हणजे सरकारी भरतीत माजी सैनिकांचा कोटा नाही, ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना नाही, पेन्शन तर नाहीच. नऊ वर्षं सीमेवर काढून पोरगा एमआयडीसीत सिक्युरिटीच्या नोकरीला गेला, तर तिथंही “माजी सैनिक ओळखपत्र दाखवा” म्हणाले. या वळणावर साहेब भेटले. गावातल्या अॅकॅडमीवाल्याच्या ओळखीनं.

साताऱ्यात भाड्याची खोली. भिंतीवर रेजिमेंटचं चिन्ह, साहेबांचा वर्दीतला फोटो, कोपऱ्यात तिरंगा. बाकावर आमच्यासारखेच चारपाच जण बसलेले. साहेबांनी डिस्चार्ज बुक चाळलं आणि थेट विचारलं, “गुडघा दुखतो का? झोप लागते का?” पोरगा म्हणाला, “साहेब, मी शेवटपर्यंत शेप वन होतो.” म्हणजे सगळ्यात वरची मेडिकल कॅटेगरी. साहेब हसले. “ते आपण बघू. वीस टक्के डिसेबिलिटी लिहून घ्यायची, वीसचे पन्नास आपोआप होतात.”

आता वीसचे पन्नास खरंच होतात, बरं का. डिसेबिलिटी पेन्शनला अपंगत्व किमान 20 टक्के आणि नोकरीमुळं झालेलं किंवा वाढलेलं असावं लागतं. मंजूर झालं आणि ते 50 च्या खाली असेल, तर ते 50 धरायचा नियम आहे. 2014 साली राम अवतार प्रकरणात सुप्रीम कोर्टानं त्याचा फायदा मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही दिला. घरी येऊन मी मोबाइलवर शोधलं, तर साहेबांचा शब्दन्‌शब्द जुळला. विश्वास बसला तो इथं. पण या सगळ्याला मुळात मेडिकल बोर्डाची कागदं लागतात. जो शेवटच्या दिवशी शेप वन होता, ज्याच्या नावावर एकही हॉस्पिटल ॲडमिशन नाही, त्याला मागच्या तारखेनं बोर्डआउट, म्हणजे मेडिकल बोर्डानं अनफिट ठरवून घरी पाठवलेला, दाखवणारं टेबल कुठल्याही रेकॉर्ड ऑफिसात नसतं. साहेबांनी ते टेबल आहे असं सांगितलं आणि त्या टेबलाचा खर्च आमच्याकडून घेतला.

पैसे एकदम मागितले नाहीत. पहिल्यांदा फक्त “फाइल चार्ज”, पंचवीस हजार. पतसंस्थेतून काढले. मग दिल्लीला माणूस जायचा होता. मग पुण्यातल्या एका खाजगी डॉक्टरचं सर्टिफिकेट. मग “बोर्डाचे तीन मेंबर”. प्रत्येक वेळी कारण वेगळं आणि रक्कम अशी की आधीचे बुडू नयेत म्हणून माणूस देतोच. सगळं त्यांच्या भाच्याच्या यूपीआयवर. पावती मागितली तर म्हणायचे, “फौजी माणसात पावती कसली?” हा डायलॉग पुढं पोलीस ठाण्यात दुसऱ्या दोन कुटुंबांच्या तोंडूनही ऐकला.

पैशापेक्षा जास्त घातक तीन गोष्टी होत्या, आणि त्या तिन्ही पहिल्याच बैठकीत झाल्या.

त्यांनी मूळ डिस्चार्ज बुक ठेवून घेतलं. झेरॉक्स चालत नाही म्हणाले. त्यानंतर आम्ही त्यांच्या मुठीत. दुसऱ्या वकिलाकडे जायचं म्हटलं तरी हातात कागद नाही. दुसरं, कोऱ्या वकालतनाम्यावर आणि कोऱ्या स्टॅम्प पेपरवर सह्या घेतल्या. त्या स्टॅम्पवर नंतर काय लिहिलं, तर मिळणाऱ्या थकबाकीतले तीस टक्के साहेबांना. वकिलानं निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घेणं हे बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही. म्हणजे असा करार पुढं करणारा एकतर वकील नाही, किंवा वकील असून नियम मोडतोय. आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात वाईट वाटते. त्यांनी पोराकडून एक जबाब लिहून मागितला: अमुक साली ड्युटीवर गाडीतून पडलो, डोक्याला मार लागला, तेव्हापासून भ्रम होतो. घडलेलंच नाही असं. पोरगा अडला. “दाजी, हे खोटं आहे, सही करू का?” विचारायला बाहेर आला. मी नको म्हणालो. साहेब चिडले, पण चिडून सोडून दिलं नाही. “ठीक आहे, तुमच्या सहीशिवाय करतो, खर्च वाढेल.” तो जबाब सही होऊन त्यांच्याकडे पडला असता, तर आज तक्रार करायला गेल्यावर त्यांनी आधी तोच पोलिसांपुढं ठेवला असता. बऱ्याच घरांची तोंडं त्यामुळंच बंद आहेत.

मध्ये बराच काळ गेला. फोन केला की “केस बोर्डावर आहे” एवढंच उत्तर. मग एक पत्र आलं. वर सिंहमुद्रा, खाली गोल शिक्का, मजकूर इंग्रजीत: डिस्चार्जचं कारण बदलण्यास मंजुरी, आठ वर्षांची थकबाकी देय, त्यासाठी एक टक्का प्रोसेसिंग रक्कम आगाऊ भरावी. आठ वर्षं? पोरगा घरी येऊन तेवढी वर्षं झालीच नव्हती. दुसऱ्या कुणासाठी टाइप केलेलं पत्र नाव बदलून आम्हाला दिलं होतं. शिवाय पेन्शनच्या उशिरा दाखल झालेल्या दाव्यात थकबाकी साधारणपणे दाव्याच्या आधीच्या 3 वर्षांपुरतीच मिळते, असं सुप्रीम कोर्टानं 2008 मध्ये तरसेम सिंग प्रकरणात सांगितलेलं आहे. आणि सरकारला तुम्हाला पैसे द्यायचे असतील, तर ते आधी तुमच्याकडून पैसे घेत नाही. हे कळायला कुठला निवाडा वाचायची गरज नाही.

पत्रावर ट्रिब्युनलचा, म्हणजे फौजेच्या नोकरीचे वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाचा, केस नंबर होता. आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलचे निकाल आणि केसची स्थिती वेबसाइटवर कुणालाही बघता येते. बायकोच्या भाचीनं नंबर टाकून पाहिला. त्या नंबरची केस खरी होती, पण ती एका विधवा बाईंच्या फॅमिली पेन्शनची निघाली. आमच्या नावावर तिथं काहीही दाखल नव्हतं. खात्री म्हणून पोरानं माहिती अधिकारात अर्ज टाकला, रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर आलं: डिस्चार्जनंतर या नंबर-नावाचा कुठलाही अर्ज किंवा अपील मिळालेलं नाही. म्हणजे एवढ्या काळात साहेबांनी पोस्टाचं एक तिकीटसुद्धा आमच्यासाठी चिकटवलं नव्हतं.

पण त्याच उत्तराबरोबर आलेल्या कागदांनी खरा धक्का दिला. ते घेऊन आम्ही मुंबईत फौजी प्रकरणं चालवणाऱ्या एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “प्रिलिमिनरी इन्क्वायरी झाली होती का?” पोरगा म्हणाला, नाही, फक्त नोटीस आली होती. बाईंनी कागद उलटसुलट करून पाहिले आणि सांगितलं, की चार रेड इंक झाल्या म्हणून आपोआप काढता येत नाही. 28 डिसेंबर 1988 चं आर्मी हेडक्वार्टरचं पत्र आहे. त्यात आधी निःपक्षपाती चौकशी करायची, नोकरी किती झाली, पेन्शनला किती उरली, नोंदी कशापायी झाल्या, हे पाहायचं असं आहे. 2015 मध्ये वीरेंद्रकुमार दुबे प्रकरणात सुप्रीम कोर्टानं ते पत्र बंधनकारक धरलं, चौकशीविना केलेला डिस्चार्ज रद्द केला, आणि त्या जवानाला पेन्शनपुरती नोकरी पूर्ण झाली असं मानायला सांगितलं.

म्हणजे पोराची केस खरी होती. गुडघा नको, भ्रम नको, खोटा डॉक्टर नको. आईच्या डायलिसिसची हॉस्पिटलची कागदं घरात कपाटात पडून होती, तीच उपयोगी होती. साहेबांनी ती कधी बघितलीही नाहीत, कारण त्यांना केस जिंकायचीच नव्हती.

आणि खऱ्या केसला मुदत असते. डिस्चार्जविरुद्ध आधी लष्कराकडेच लेखी अर्ज करायचा. त्यावर अंतिम उत्तर आलं की 6 महिन्यांत ट्रिब्युनलकडे जायचं. उत्तर आलंच नाही, तर 6 महिने वाट बघून त्यापुढच्या 6 महिन्यांत. उशीर झाला तर माफीचा अर्ज करता येतो, पण उशिराचं कारण पटवावं लागतं. “एजंटानं सांगितलं केस चालू आहे” हे कारण पटेल का, यावर आमचं आता सगळं अडलंय. पतसंस्थेचे हप्ते फिटतील. गेलेली मुदत मात्र ट्रिब्युनलच्या मर्जीवर आहे.

पोलिसांत गेलो तेव्हा साहेब शांत होते. म्हणाले, “मी कन्सल्टन्सी फी घेतली, निकालाची हमी दिली नव्हती.” यूपीआयचे व्यवहार, बनावट पत्र आणि फोनवरचे मेसेज होते म्हणून तक्रार टिकली. प्रकार जुलै 2024 च्या आधीचा असल्यानं जुनंच कलम 420 लागलं. आता घडलं तर भारतीय न्याय संहितेचं 318 लागेल. रोख दिलेले पैसे अजून मोजणीतच धरलेले नाहीत. डिस्चार्ज बुक मिळालं, ते दुसऱ्याच एका पोराच्या फाइलमध्ये होतं.

तुमच्या घरात असा पोरगा असेल, आणि कुणी साहेब दारात आले असतील, तर पैसे देण्याआधी दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून रेकॉर्ड ऑफिसला माहितीचा अर्ज टाका. डिस्चार्जचा आदेश, शो कॉज नोटीस आणि तिचं उत्तर, चौकशीची कागदं, कंडक्ट शीट, आणि मेडिकल बोर्ड झालं असेल तर त्याची पूर्ण प्रत मागा. आपलीच कागदं आहेत, तीस दिवसांत उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. हे हातात आल्याशिवाय केस आहे की नाही हे कुणीच सांगू शकत नाही. जो त्याआधीच “शंभर टक्के होणार” म्हणतो, त्याला दारातूनच परत पाठवा. नोकरी कुठंही झालेली असली, रेकॉर्ड ऑफिस कुठंही असलं, तरी घरी आलेल्या माणसाला राहत्या जागेच्या हद्दीतल्या ट्रिब्युनलच्या बेंचकडे जाता येतं. महाराष्ट्र-गोव्यातल्या लोकांसाठी ते मुंबईत आहे. दिल्लीच्या खर्चाचा विषयच येत नाही.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जायला आमचा पोरगा लाजत होता. काढून टाकलेल्याला तिथं कोण उभं करणार, असं त्याला वाटायचं. गेलो तेव्हा तिथल्या क्लार्कनं अर्जाचा मसुदा बघून दोन चुका दाखवल्या आणि चहा पाजला, पैसे कुणी मागितले नाहीत. जुलै 2025 पासून नालसाची (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) वीर परिवार सहायता योजनाही सुरू झाली आहे. सैनिक मंडळांच्या कार्यालयांतच कायद्याची मोफत मदत मिळावी, अशी तिची रचना आहे. वकील लावलाच, तर वकालतनामा भरल्याशिवाय सही करू नका, केसचा नंबर घ्या आणि तो स्वतः वेबसाइटवर टाकून बघा. समोर नाव तुमचंच आलं पाहिजे.

साताऱ्यातली ती खोली आता बंद आहे. कराडकडे नवीन खोली घेतली आहे आणि पाटीवर भाच्याचं नाव आहे, असं अॅकॅडमीवाल्याकडून कळलं. डिस्चार्ज बुक तिथंही ओरिजिनलच मागतात.