इमारतीची देखभाल: पगारी माणूस की कंत्राटदार?

देखभालीसाठी पगारी माणूस ठेवायचा की सगळे काम कंत्राटावर द्यायचे, या प्रश्नाचा विचार सोलापुरातील गृहनिर्माण संस्थेने पाण्यापासून सुरू करावा, असे माझे मत आहे. महापालिकेचे पाणी काही दिवसांच्या अंतराने येते आणि त्या वेळी हौद भरून घेणारा, मोटार लावणारा माणूस जागेवरच असावा लागतो. आमच्या इमारतीत एकदा कंत्राटदाराने नवाच मुलगा पाठवला. फुटव्हॉल्व्ह (हौदात सोडलेल्या पाइपच्या टोकाची, पाणी परत खाली जाऊ न देणारी झडप) गळत असल्याने मोटार फिरत होती, पण पाणी चढत नव्हते. हे त्याच्या ध्यानात आले नाही, पंप कोरडाच चालून सील जळाले आणि घराघरांत हंडे रिकामे राहिले. जुन्या माणसाने नुसत्या आवाजावरून ते ओळखले असते आणि पंपात पाणी ओतून हवा काढली असती. ही ओळख एकाच इमारतीत वर्षानुवर्षे वावरल्यानेच येते.

लिफ्ट आणि अग्निशमन यंत्रणेची गोष्ट वेगळी आहे. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेकडूनच घ्यावे लागते. तेथे घरचा माणूस कितीही हुशार असला तरी चालत नाही. रंगकाम आणि गच्चीचे वॉटरप्रूफिंग ही कामेही कंत्राटावरच द्यावीत.

खर्चाची तुलना करताना मात्र नुसता पगार आणि नुसते बिल समोरासमोर ठेवू नये. पगाराबरोबर बोनस, रजा आणि रजेच्या दिवसांतील बदली माणूस येतो. नोंदणीकृत कंत्राटदाराच्या बिलावर सर्वसाधारणपणे १८ टक्के जीएसटी लागतो. शिवाय भविष्य निर्वाह निधी लागू असूनही कंत्राटदाराने तो भरला नाही, तर ती जबाबदारी मूळ मालक, म्हणजे ज्याच्यासाठी काम चालते तो, म्हणून संस्थेवर येऊ शकते. म्हणून दरमहा भरणा केल्याचे चलन पाहिल्याशिवाय बिल मंजूर करू नये.

मोठ्या संस्थेने पाणी आणि किरकोळ दुरुस्तीसाठी आपला माणूस ठेवावा, बाकीची कामे कंत्राटावर द्यावीत. लहान संस्थांना एकट्याने पगार झेपत नसेल, तर दोन संस्थांनी मिळून एक माणूस ठेवता येतो. मात्र शेजारच्या इमारतीला पाणी बहुधा त्याच वेळी येते, त्यामुळे जोडीदार संस्था पाण्याची वेळ वेगळी असलेल्या भागातील शोधावी.